वाचकांचे प्रश्न: व्हिसा संपला, मुलांच्या कॉलेजचं काय?

परदेशी शिक्षणाबद्दल नाशिक आणि परिसरातून आलेल्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा आला: अमेरिकेत वाढलेली, पण कागद नसलेली किंवा लवकरच कागद संपणार अशी नात्यातली मुलं. पत्रांतली नावं गाळून, प्रश्न थोडे आखडून इथे घेतले आहेत.

जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच वाक्य आहे, "त्याला कॉलेजात घेतील का?" हा प्रश्न आधी चारांत फोडा. प्रवेश मिळेल का, फी कुठल्या दराने लागेल, मदत मिळेल का, आणि शिकून झाल्यावर काम करायची परवानगी असेल का. चारांची उत्तरं वेगवेगळी येतात आणि राज्य बदललं की पुन्हा बदलतात.

प्रश्न: बहिणीचं कुटुंब २०१४ मध्ये व्हिजिटर व्हिसावर न्यू जर्सीला गेलं आणि तिथेच राहिलं. भाचा एडिसनच्या सरकारी शाळेत अकरावीत आहे, मार्क चांगले आहेत. प्रवेश मिळेल का, आणि फी झेपेल का? 'डाका'त (लहानपणी अमेरिकेत आलेल्या, कागद नसलेल्यांसाठीच्या सोयीत) बसेल का? (एक मामा, गंगापूर रोड)

प्रवेश मिळेल. बारावीपर्यंतची सरकारी शाळा अमेरिकेत स्टेटस, म्हणजे राहण्याचा कायदेशीर दर्जा, न बघता मिळते. १९८२ मध्ये 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने टेक्सासचा कायदा मोडीत काढून तसा निकाल दिला. मात्र तो निकाल शाळेपुरताच आहे. कॉलेजच्या बाबतीत केंद्राचा कायदा 'घेऊ नका' म्हणत नाही आणि 'घ्याच' असंही म्हणत नाही. त्यामुळे अलाबामा आणि साउथ कॅरोलायनाची सरकारी कॉलेजं अशा मुलांना घेत नाहीत, जॉर्जियाने आपली निवडक विद्यापीठं बंद ठेवली आहेत, आणि न्यू जर्सी घेतं.

आता फी. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना बजावलं की कागद नसलेल्याला केवळ राज्यात राहतो म्हणून स्वस्त फी द्यायची असेल, तर बाहेरच्या राज्यातल्या अमेरिकी नागरिकालाही ती द्यावी लागेल. राज्यांनी यावर वाट काढली: सवलत राहण्यावर न देता तिथल्या हायस्कुलात किती वर्षं शिकला यावर द्यायची. टेक्सासने २००१ मध्ये हे प्रथम केलं, त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने केलं, न्यू जर्सीने डिसेंबर २०१३ मध्ये. न्यू जर्सीच्या अटी अशा: राज्यातल्या हायस्कुलात किमान तीन वर्षं, तिथूनच डिप्लोमा, आणि 'पात्र होताच मी कायदेशीर स्टेटससाठी अर्ज करीन' असं प्रतिज्ञापत्र. एडिसनमध्ये नववीपासून असेल तर तीन वर्षं आरामात भरतात. अधेमधे शेजारच्या राज्यात मावशीकडे राहून शिकला असेल, तर मात्र वर्षं मोजून घ्या.

घोटाळा बहुतेक वेळा प्रतिज्ञापत्रापाशी होतो. मुलगा प्रवेशाच्या अर्जासोबत ते देतो, ते ॲडमिशन ऑफिसच्या फायलीत पडून राहतं, आणि बिल काढणाऱ्या विभागाला त्याचा पत्ताच नसतो. ऑगस्टमध्ये बाहेरच्या राज्याच्या दराने बिल येतं, साधारण दुप्पट, आणि घरात हलकल्लोळ. म्हणून प्रतिज्ञापत्र रजिस्ट्रारकडे द्यायचं, पोचल्याची ईमेल मागायची, आणि पहिलं बिल आलं की त्यावर 'इन-स्टेट' लिहिलंय का तेवढं आधी बघायचं.

मदतीबद्दल सरळ सांगतो. केंद्राची मदत, म्हणजे पेल ग्रँट, सरकारी कर्ज, कॅम्पसवरची वर्क-स्टडी, यांतलं काही मिळत नाही. त्यामुळे 'फाफ्सा' नावाचा जो फॉर्म शाळेतली सगळी मुलं भरतात, तो त्याने भरायचा नाही. न्यू जर्सीने २०१८ पासून राज्याची मदत अशा मुलांना खुली केली आहे, आणि तिच्यासाठी वेगळा 'अल्टरनेटिव्ह फायनान्शियल एड' अर्ज आहे. कॅलिफोर्नियात त्याच जागी 'कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्ट' अर्ज येतो. त्यात आईवडिलांचं उत्पन्न दाखवावं लागतं, म्हणून त्यांनी आयटिन नंबर (फक्त टॅक्स भरण्यापुरता मिळणारा) घेऊन टॅक्स भरला असेल तर काम सोपं होतं.

पैशाचा हिशोब जमत नसेल तर पहिली दोन वर्षं मिडलसेक्स कॉलेजात काढावीत. ते एडिसनमध्येच आहे, काउंटीचं कम्युनिटी कॉलेज. तिथून असोसिएट डिग्री घेतली की तिचे क्रेडिट राज्यातल्या सरकारी विद्यापीठात पहिल्या दोन वर्षांचे म्हणून धरले जातात, तसा राज्याचा कायदाच आहे. आपल्याकडे कम्युनिटी कॉलेज म्हटलं की लोक नाक मुरडतात. रटगर्स या तिथल्या सरकारी विद्यापीठाची पदवी हातात आल्यावर पहिली दोन वर्षं कुठे झाली हे कुणी विचारत नाही. मार्क फारच उत्तम असतील तर उलट बाजूनेही बघा: प्रिन्स्टनसारखी काही श्रीमंत खासगी विद्यापीठं प्रवेश देताना ऐपत बघत नाहीत, स्टेटसही आड आणत नाहीत आणि गरजेइतकी मदत स्वतःच्या पैशातून देतात. प्रवेश महाकठीण, पण मिळाला तर सरकारी विद्यापीठापेक्षा स्वस्त पडू शकतो.

'डाका'चं उत्तर नाही. ती सोय १५ जून २०१२ ला जाहीर झाली आणि तिच्यासाठी १५ जून २००७ पासून सलग अमेरिकेत असणं लागतं. २०१४ ला गेलेला मुलगा त्यात बसत नाही. जे बसतात त्यांचेही नवे अर्ज कोर्टाच्या २०२१ च्या आदेशापासून मंजूर होत नाहीत, जुन्यांचं दर दोन वर्षांनी नूतनीकरण तेवढं चालू आहे. 'डाका करून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला बहिणीने दारात उभं करू नये.

फॉर्म भरताना दोन ठिकाणी हात आखडता घ्या. सोशल सिक्युरिटी नंबरची चौकट रिकामी ठेवायची. दुसऱ्याचा किंवा मनाने बनवलेला नंबर टाकायचा नाही. आणि 'यू.एस. सिटिझन' या चौकटीत चुकूनही खूण नको. नोकरीच्या, मदतीच्या किंवा मतदार नोंदणीच्या फॉर्मवर आपण नागरिक आहोत असं खोटं सांगणं हा तिथल्या कायद्यात असा दोष आहे की पुढे नागरिकाशी लग्न झालं तरी ग्रीन कार्डाचा रस्ता जवळजवळ कायमचा बंद होतो. ड्रायव्हिंग लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणीचा प्रश्न सहज येतो आणि पोरं 'येस' म्हणून मोकळी होतात. भाच्याला हे आजच फोन करून सांगा.

आणखी एक. १८ पूर्ण झाल्यावर ३० दिवसांत मुलग्यांनी 'सिलेक्टिव्ह सर्व्हिस'मध्ये, म्हणजे सैन्यभरतीच्या राखीव यादीत, नाव नोंदवायचं असतं, कागद नसलेल्यांनीसुद्धा. वैध व्हिसावर असलेल्यांना ते लागत नाही. सैन्यात कुणी नेत नाही, पण नोंद नसेल तर पुढे नागरिकत्वाच्या अर्जात प्रश्न उभा राहतो.

प्रश्न: मुलगा-सून डलासला, दोघं एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्याच्या कुटुंबीयांचा) वर. ग्रीन कार्डाचा अर्ज २०१३ चा आहे, नंबर लागत नाही. नात १९ वर्षांची, एच-४ वर कॉलेजात आहे. २१ ला तिचं स्टेटस जातं म्हणतात. खरं का? (एक आजोबा, इंदिरानगर)

खरं आहे. आईवडिलांच्या व्हिसावरचं मूल २१ वर्षांचं झालं की कायद्याने 'मूल' राहत नाही, एच-४ तिथेच संपतो. भारतात जन्मलेल्यांची रांग लांब असण्याचं कारण असं की नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांपेक्षा जास्त वाटा मिळत नाही. शिवाय त्या रांगेत एच-१बीवरचे आपले लोक दाटीने उभे आहेत.

आधी वय नीट मोजा. २००२ च्या 'चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट'प्रमाणे ग्रीन कार्डासाठीचं वय म्हणजे, ज्या दिवशी व्हिसा नंबर उपलब्ध होतो त्या दिवशीचं खरं वय, वजा ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला आय-१४० अर्ज जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस. समजा आय-१४० मंजूर व्हायला २४० दिवस लागले. तर नंबर लागताना नात २१ वर्षं ६ महिन्यांची असली तरी हिशोबाने २१ च्या आतच. पण तो अर्ज प्रीमियम प्रोसेसिंगने, म्हणजे जादा पैसे भरून, पंधरा दिवसांत मंजूर झाला असेल, तर सवलतही पंधरा दिवसांचीच. त्या वेळी घाई करून पैसे भरल्याचं अनेक पालकांना आता वाईट वाटतं. ऑगस्ट २०२५ पासून नंबर उपलब्ध झाला की नाही हे व्हिसा बुलेटिन या सरकारच्या मासिक पत्रकातल्या 'फायनल ॲक्शन' तक्त्यावरून धरतात, 'फायलिंग'च्या तक्त्यावरून नाही. त्यामुळे आधी सुटतील असं वाटलेली काही मुलं पुन्हा अडकली.

हिशोब बसत नसेल तर एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, जायचं. रस्ते दोन. अमेरिकेतच राहून स्टेटस बदलायचा आय-५३९ अर्ज करायचा, तो २१ वा वाढदिवस यायच्या आत पोचला पाहिजे. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइन फी ४२० डॉलर, कागदावर ४७० (भरायच्या दिवशी पुन्हा बघा), शिवाय सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) फी ३५० डॉलर आणि कॉलेजचा आय-२० (प्रवेशाचं प्रमाणपत्र). निकालाला महिने लागतात, म्हणून विसाव्या वाढदिवसालाच तयारी सुरू करावी. दुसरा रस्ता, इकडे येऊन मुंबईच्या वकिलातीतून एफ-१ शिक्का घ्यायचा. त्यात जोखीम ही की एफ-१ साठी 'शिकून परत येईन' हे पटवावं लागतं, आणि आईवडिलांचा ग्रीन कार्डाचा अर्ज समोर असताना अधिकारी ते मानेलच असं नाही. नकार मिळाला तर नात नाशिकमध्ये आणि तिचं अर्धं कॉलेज डलासमध्ये. आमच्या मते आधी तिथूनच अर्ज करावा.

टेक्सासच्या स्वस्त फीबद्दल तुम्ही वाचलं असेल. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने दावा लावला, राज्याने त्याच दिवशी माघार घेतली आणि २००१ चा तो कायदा कोर्टाने थांबवला. फ्लोरिडाने आपला कायदा १ जुलै २०२५ पासून स्वतःच रद्द केला. तुमची नात आज वैध एच-४ वर आहे, तिची गोष्ट वेगळी. पण एफ-१ झाल्यावर कुठला दर लागेल हे रजिस्ट्रारकडून लेखी घ्या, वर्गमैत्रिणीच्या सांगण्यावर जाऊ नका. टेक्सासनंतर आणखी काही राज्यांवरही दावे झाले आहेत, तेव्हा हे उत्तर दर सत्राला नव्याने विचारावं लागेल.

प्रश्न: मुलगा एम.एस.ला ओहायोला. तब्येतीमुळे विषय कमी केले, सेव्हिस बंद झालं. आता एका दुकानात काम करतो. नाशिकच्या एजंटचं म्हणणं, दुसऱ्या कॉलेजचा आय-२० आणून देतो, वर्गात जायचीही गरज नाही. (एक पालक, सातपूर)

'वर्गात जायची गरज नाही' हे ऐकल्यावरच उठायचं. मिशिगनमध्ये 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' नावाचं विद्यापीठ होतं. सरकारच्या मान्यताप्राप्त यादीत त्याचं नाव होतं, वेबसाइट होती. शिक्षक आणि वर्ग मात्र नव्हते, कारण ते अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यानेच लावलेलं जाळं होतं. जानेवारी २०१९ मध्ये ते उघड झालं आणि शंभरावर विद्यार्थी ताब्यात घेतले गेले, बहुतेक भारतीय. तेव्हा यादीत नाव असणं लागतं, पण तेवढं पुरत नाही. कोण शिकवतं आणि तास कधी असतात, हे विचारल्यावर गडबडणारं कॉलेज नको.

तुमच्या मुलाचा कायदेशीर उपाय म्हणजे रीइन्स्टेटमेंट, गेलेलं स्टेटस परत मिळवणं. तोही आय-५३९ वरच मागतात, कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून नवा आय-२० घेऊन. अट अशी की स्टेटस जाऊन पाच महिने झालेले नसावेत, आणि कारण आपल्या हाताबाहेरचं असावं. आजारपण त्यात बसतं, पण डॉक्टरांची त्या तारखांची कागदपत्रं हवीत. खरं तर आजारी असताना त्या कार्यालयाकडून आधी लेखी परवानगी घेऊन विषय कमी केले असते तर हे घडलंच नसतं. पदवीपूर्वला सत्राला १२ क्रेडिट पूर्णवेळ धरतात, एम.एस.ला सहसा ९. त्याखाली जायचं तर आधी सही, मग विषय सोडणं.

अडचण दुकानाची आहे. परवानगीशिवाय केलेली नोकरी रीइन्स्टेटमेंटच्या आड थेट येते. काम आज थांबवायचं, आणि अर्जात ते लपवायचंही नाही. वकिलाला खरं सांगून मग ठरवायचं की अर्ज करावा की परत यावं. परत येण्याला घाबरू नका. एफ-१ वाल्याच्या आय-९४ वर, म्हणजे देशात आल्याच्या नोंदीवर, तारखेऐवजी 'डी/एस' (शिक्षण चालू असेपर्यंत) लिहिलेलं असतं. सध्याच्या नियमात अशांचे बेकायदा राहण्याचे दिवस आपोआप मोजायला लागत नाहीत, इमिग्रेशन खात्याने किंवा न्यायाधीशाने तसा निर्णय दिल्यावर लागतात. लवकर निघाला तर पुढच्या व्हिसाला प्रश्न येतील, पण वर्षानुवर्षांची बंदी सहसा लागत नाही.

प्रश्न: भाऊ न्यू जर्सीत, सगळ्यांचा व्हिजिटर व्हिसा कधीच संपला. पुतणी बारावीत, येत्या १० जानेवारीला १८ पूर्ण करील. तिला शिकायला इकडे आमच्याकडे पाठवायचं म्हणतात. पुन्हा अमेरिकेला जाता येईल का? इथे इंजिनिअरिंग किंवा मेडिकल मिळेल का? (एक काका, नाशिकरोड)

तारखेपासून सुरू करू, कारण इथे मार्कांपेक्षा तारीख मोठी. बेकायदा राहण्याचे दिवस १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत मोजतच नाहीत. त्यानंतर १८० दिवसांहून जास्त राहून देश सोडला तर ३ वर्षं परत येण्यावर बंदी, एक वर्ष किंवा जास्त राहून सोडला तर १० वर्षं. १० जानेवारीपासून १८० दिवस जुलैच्या पहिल्या आठवड्याअखेरीस संपतात. न्यू जर्सीच्या शाळा जूनमध्ये सुटतात, म्हणजे डिप्लोमा हातात घेऊन जूनअखेर विमानात बसता येतं आणि बंदीही लागत नाही. पण शेवटच्या आठवड्यावर विसंबू नका. विमान रद्द होतं, पासपोर्ट उशिरा येतो. बंदी नाही याचा अर्थ व्हिसा मिळेल असा मात्र नाही. जुना व्हिसा रद्दबातल धरला जातो आणि पुढच्या मुलाखतीत ओव्हरस्टे विचारला जाणारच.

पासपोर्ट संपला असेल तर आताच न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीकडे अर्ज करा. वेळ फारच कमी उरला तर एका फेरीपुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. पण ते फक्त भारतात यायच्या कामाचं, इथे आल्यावर पासपोर्टसाठी पुन्हा अर्ज करावाच लागतो.

आता कागद. पुतणी तिथून निघायच्या आधी जे होईल ते इथून करायला दहापट वेळ लागतो, हे भावाला ठासून सांगा. हायस्कूल डिप्लोमा आणि नववी ते बारावीची ट्रान्सक्रिप्ट, दोन्हींच्या शाळेने सही केलेल्या प्रती, त्यावर तिथल्या नोटरीचा शिक्का, मग न्यू जर्सी राज्याकडून अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून सरकारी शिक्कामोर्तब). शाळेची सही नोटरीसमोर झालेली नसेल तर राज्य अपोस्टिल न करता कागद परत पाठवतं, आणि जूननंतर सही करणारे प्राचार्य सुट्टीवर असतात. सीलबंद लिफाफ्यातली एक जास्तीची ट्रान्सक्रिप्टही घ्या. अमेरिकेतली शाळा आपल्यासारखा शाळा सोडल्याचा दाखला किंवा मायग्रेशन सर्टिफिकेट देत नाही. त्याऐवजी प्राचार्यांकडून शाळेच्या लेटरहेडवर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इथे शिकत होती' असं पत्र लिहून आणा, कॉलेजातले क्लार्क त्यावाचून फाइल पुढे सरकवत नाहीत.

नावाचा गुंता तर ठरलेला. नाशिक महापालिकेच्या जन्मदाखल्यावर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये जोडलेलं. अमेरिकी डिप्लोमावर नुसतं नाव आणि आडनाव, कधी तर शाळेतलं लाडकं छोटं नाव. तिन्ही ठिकाणी तीन माणसं वाटतात. डिप्लोमा छापायच्या आधी शाळेच्या ऑफिसात पासपोर्टाप्रमाणे नाव दुरुस्त करून घ्या, त्याला एक फॉर्म आणि दहा मिनिटं लागतात. ते राहिलंच तर इथे सीबीएसजवळ कोर्टाच्या आवारात नोटरीकडून 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र होतं. बहुतेक ठिकाणी चालतं, पण प्रत्येक टेबलावर ते पुन्हा समजावून सांगावं लागतं.

हे सगळं आल्यावर भारतीय विद्यापीठ संघाच्या, म्हणजे ए.आय.यू.च्या, पोर्टलवर समकक्षतेसाठी अर्ज. तिथे 'अमेरिकी बारावी म्हणजे आपली बारावी' असं पत्र मिळतं. ते असल्याशिवाय सीईटी सेल काय आणि पुणे विद्यापीठाचं पात्रता कार्यालय काय, कुणी ऐकत नाही. ट्रान्सक्रिप्टवर विषय दिसले पाहिजेत, आणि अमेरिकेतली पुष्कळ मुलं फिजिक्स एकच वर्ष घेतात किंवा घेतच नाहीत. पुतणी अजून बारावीत आहे, तेव्हा दुसऱ्या सत्रात फिजिक्स, केमिस्ट्री, गणित (आणि मेडिकल हवं तर बायोलॉजी) राहिलेलं असेल तर आत्ताच घालून घ्या.

इंजिनिअरिंगला महाराष्ट्रात दार उघडं आहे. दहावी-बारावी दोन्ही राज्यात झालेले 'टाइप ए'त मोडतात. पुतणी त्यात नाही. पण स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एकजण महाराष्ट्राचा अधिवासी असेल तर 'टाइप बी'तून अर्ज करता येतो. अधिवासाचा दाखला सेतूतून किंवा 'आपले सरकार'वरून काढतात, १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. भाऊ कैक वर्षं बाहेर आहे, त्यामुळे जुनी रेशन कार्डं, शाळेचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, वीजबिलं आतापासून शोधून ठेवा. त्याचा जुना अधिवास दाखला कपाटात सापडला तर सोन्याहून पिवळं. एक वर्ष मात्र जाणार. जूनमध्ये उतरेपर्यंत त्या वर्षीची एमएचटी-सीईटी होऊन गेलेली असते. ते वर्ष क्लासला घालावं, कारण आपला अकरावी-बारावीचा फिजिक्स आणि गणिताचा वेग अमेरिकी शाळेपेक्षा बराच पुढचा आहे.

मेडिकलचं उत्तर कटू आहे. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून लागते, अपवाद मोजके आणि तिच्या कामाचे नाहीत. नीट देता येईल, पण पुढे अखिल भारतीय १५ टक्के जागा किंवा अभिमत विद्यापीठं. दुसरीकडची फी काकांना माहीत असेलच. त्यापेक्षा बी.एस्सी. किंवा फार्मसीचा विचार आधी करा. बी.एस्सी.ला नाशिकची कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची, तिथे ए.आय.यू. पत्रावर पात्रता मिळते. डिप्लोमा न घेताच ती परतली तर गोष्ट अवघड होते: मग एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी, किंवा राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसण्याचा १७ नंबरचा फॉर्म. दुसऱ्यासाठी चौकशी मंडळाच्या नाशिक विभागीय कार्यालयात करावी.

प्रश्न: नातू अमेरिकेत जन्मला, आईवडिलांचे कागद नाहीत. त्याला तिथे मदत मिळेल का? की ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्यांचं कार्ड) वर इथे एमबीबीएस करावं? (एक आजी, कॉलेज रोड)

नातू अमेरिकी नागरिक आहे, त्यामुळे वरची कुठलीच अडचण त्याला नाही. तो फाफ्सा भरू शकतो, पेल ग्रँट मिळू शकते. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेले पालकही आता फाफ्साचं खातं उघडू शकतात. प्रश्न एवढाच की आईवडिलांची नावं आणि पत्ता केंद्र सरकारच्या यंत्रणेत जातात, आणि आजच्या वातावरणात तो निर्णय घरात बसून, वकिलाला विचारून घ्यावा. शाळा-कॉलेजातली नोंद 'फर्पा' या १९७४ च्या कायद्याने बऱ्यापैकी झाकलेली असते. कोर्टाचा आदेश वगैरे असल्याशिवाय ती बाहेर देता येत नाही.

ओसीआयवर एमबीबीएसचं स्वप्न महाग पडेल. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेने ओसीआयवाल्यांना भारतीय नागरिकांसाठीच्या जागा बंद झाल्या, एनआरआय जागा राहिल्या. सुप्रीम कोर्टाने ३ फेब्रुवारी २०२३ ला ज्यांचं कार्ड त्या तारखेच्या आधीचं आहे त्यांना जुनी सवलत कायम ठेवली. तेव्हा कार्ड काढून त्यावरची तारीख बघा, बाकी सगळं तिथेच ठरतं.

प्रश्न: एजंट सांगतो, व्हिजिटर व्हिसावर सहकुटुंब जा, मुलांना शाळेत घाला, कॉलेज फुकट होईल. (देवळाली कॅम्प)

होत नाही. बी-२ वर, म्हणजे व्हिजिटर व्हिसावर, शिक्षण घ्यायला परवानगी नाही, आणि तसा बेत मनात धरून व्हिसा घेणं ही फसवणूक धरली जाते. रीतसर एफ-१ वर सरकारी हायस्कूल जास्तीत जास्त १२ महिने, तेही पूर्ण खर्च भरून. आठवीपर्यंतची सरकारी शाळा तर एफ-१ वर नाहीच. एजंटला पहिल्या हप्त्याशी मतलब, मुलगा १८ चा होईल तेव्हा तो फोन उचलणार नाही.

प्रश्न: कागद नसताना पदवी घेतली तर पुढे नोकरी? भाची नर्सिंग करतेय, कॅलिफोर्नियात. (सिन्नर)

लायसन्स मिळेल. कॅलिफोर्नियाने २०१४ च्या कायद्याने व्यावसायिक लायसन्स स्टेटस न बघता द्यायचं ठरवलं, न्यू जर्सीने २०२० मध्ये. पण हॉस्पिटलला नोकरीवर घेताना केंद्राची वर्क परमिट बघावीच लागते, आणि ती लायसन्सबरोबर येत नाही. नर्सिंगमध्ये क्लिनिकल ड्यूटीच्या आधी पार्श्वभूमी तपासणी असते, तिथे सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. नंबर नसल्यास दुसरी पद्धत काय हे कॉलेजने पहिल्याच सत्रात सांगायला हवं, तिसऱ्या वर्षी नव्हे. भाचीला स्वतःहून दुसरा काही मार्ग निघतो का, याची वकिलाकडून एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठीचा यू व्हिसा, पालकांनी टाकलेल्या अल्पवयीनांसाठीची सोय, भावंडाचा जुना अर्ज, यांतलं काहीतरी कधी कधी घरच्यांना माहीतच नसतं.

वकील मात्र खराच हवा. तिथे 'इमिग्रेशन कन्सल्टंट' आणि नोटरी असे फलक लावून फॉर्म भरणारे पुष्कळ, त्यांना सल्ला द्यायचा अधिकार नसतो. वकिलाचं नाव त्या राज्याच्या बार असोसिएशनच्या यादीत बघता येतं, आणि संस्थांमधल्या मान्यताप्राप्त प्रतिनिधींची यादी अमेरिकेच्या न्याय खात्याच्या संकेतस्थळावर असते. भरलेल्या प्रत्येक फॉर्मची प्रत आणि पावती भाचीच्या हातात असलीच पाहिजे. जो ती द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडे दुसरा अर्ज द्यायचा नाही.